पोट लहान झाल्यानंतर

सदर : घर आणि पेढी



मागील महिन्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांच्या यजमानांनी फाल्गुनात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. त्या लिहितात, ‘डॉक्टरांनी सर्व नीट समजावून सांगितले आहे, पण घरी आल्यावर सांगणारा एक आणि आग्रह करणारे दहा अशी अवस्था आहे. माझा मुलगा चार घास खाऊन उठतो, म्हणून सासूबाई रोज डोळ्यांत पाणी आणतात. यजमान म्हणतात, या पर्युषणात नेहमीप्रमाणे अठ्ठम करणारच. मी कोणाचे ऐकावे?’

ते पत्र वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. या सदरातून मी उधारी, भावांच्या वाटण्या, मुलामुलींचे विवाह, वडीलधाऱ्यांची दुखणी अशा अनेक विषयांवर लिहीत आलो आहे. परंतु एक गोष्ट मात्र आपणां सर्वांपासून लपवून ठेवली. तीन वर्षांपूर्वी वैशाखात मी स्वतः हीच शस्त्रक्रिया करून घेतली. ज्यांनी विचारले त्यांना ‘हर्नियाचे छोटे ऑपरेशन’ एवढेच सांगितले. त्या लपवाछपवीने आणि माझ्या अहंकाराने मला जे भोगावे लागले, ते आज मांडतो. त्या भगिनींना उपदेशापेक्षा अनुभवाचा हिशेब अधिक उपयोगी पडेल.

शस्त्रक्रिया का केली

त्या वेळी माझे वजन १२४ किलो होते आणि उंची साडेपाच फूट. मधुमेहाला नऊ वर्षे झाली होती. रात्री झोपेत श्वास अडकत असे. घरचे घाबरून मला हलवून जागे करीत. पेढीवर गादीवरून उठताना नोकराच्या खांद्याचा आधार घ्यावा लागे. पण मनाला खरा धक्का बसला तो स्थानकात. गुरुवंदनेसाठी गुडघे टेकले आणि मला उठताच येईना. दोघा तरुणांनी काखेत हात घालून उभे केले. त्या दिवशी घरी परतताना मी निर्णय घेतला.

लोक विचारतील, दरवर्षी अठ्ठम-अठ्ठाई करणाऱ्याचे वजन इतके वाढलेच कसे? उत्तर सरळ आहे. उपवासाचे दिवस वर्षात मोजके. पारण्याचे, पंगतीचे आणि बैठ्या कामाचे दिवस उरलेले सगळे. त्यात आमच्या घराण्यात मधुमेह आणि स्थूलता वडिलोपार्जित आहे. वजन एकदा फार वाढले की शरीर ते सोडायला सहजी तयार होत नाही. भूक वाढवून आणि शक्ती वाचवून ते पूर्वीच्या वजनाकडे परतू पाहते. हा केवळ जिभेचा दोष नव्हे. मात्र जिभेचा दोष मुळीच नव्हता, असेही मी म्हणणार नाही.

माझी शस्त्रक्रिया ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या प्रकारची होती. दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा सुमारे पाऊण ते ऐंशी टक्के भाग कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. भूक चेतविणारे ‘ग्रेलिन’ नावाचे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. दुसऱ्या, ‘बायपास’ नावाच्या प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात; तेथे अन्नातील जीवनसत्त्वे शोषली जाण्याचा मार्गही आखूड होतो. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. डॉक्टर पोट लहान करून देतात. ताट, सवय आणि घरची रीत लहान करण्याचे काम आपल्याकडेच राहते.

रुग्णालयाचा कागद आणि आपले स्वयंपाकघर

घरी निघताना आहाराचा एक छापील कागद मिळाला. पहिले एक-दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, नंतर गाळलेला किंवा वाटलेला लगदा, नंतर मऊ अन्न आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, असा तो क्रम होता. क्रम उत्तम होता. पण पदार्थांची यादी वाचून आमच्या सौ. कपाळाला हात लावून बसल्या. उकडलेल्या बटाट्याचा लगदा, गाजराचे सूप, अंड्याचा पांढरा भाग, मोड आलेली कडधान्ये, मुगाच्या धिरड्यासोबत दही! कंदमूळ नको, मोड नकोत, द्विदल नको. मग या माणसाला द्यायचे तरी काय?

येथे सौ. नी जे केले ते प्रत्येक घराने करावे. त्या कागद घेऊन आहारतज्ज्ञ बाईंकडे पुन्हा गेल्या आणि आपल्या घरात काय चालते, काय चालत नाही, हे स्पष्ट सांगितले. त्या बाईंनी अर्ध्या तासात नवी यादी करून दिली. बटाट्याच्या जागी दुधी आणि भोपळा आला, मोडांच्या जागी सालीशिवाय मुगाची डाळ आली, धिरड्यासोबतचे दही गेले आणि ताक चांगले तापवून केलेली पातळ कढी आली. अडचण आपल्या आचाराची नव्हती; ती न सांगण्याची होती.

अशा शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात, नाहीतर वजनाबरोबर स्नायूही झिजतात. शाकाहारात आणि एवढ्याशा पोटात ती बसवायची कशी, हा मोठाच प्रश्न. आमच्या घरी स्थिरावलेला हिशेब देतो. सकाळी एक पेला दुधात प्रथिनांच्या पावडरीचे एक माप : सुमारे २८ ग्रॅम. दहाच्या सुमारास ५० ग्रॅम पनीर : ९ ग्रॅम. दुपारी घट्ट मुगाची डाळ एक लहान वाटी : ७ ग्रॅम. चारला सत्तू किंवा भाजलेले चणे मूठभर : ६ ग्रॅम. सूर्यास्तापूर्वी मुगाची दोन लहान धिरडी : १० ग्रॅम. बेरीज साठ. जेवणात आधी डाळ वा पनीर, मग भाजी आणि जागा उरलीच तर धान्य. पावडरीच्या डब्यावरचा हिरवा ठिपका आणि त्यातील घटकांची यादी दोन्ही वाचूनच तो घरात घ्यावा.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. मऊ, गरम फुलका आणि भात यांचा पोटात गोळा होऊन तो अडकतो. तोच खाखरा नीट चावून खाल्ला तर सहज जातो. आमच्या आईच्या दृष्टीने हे उफराटेच होते. आजाऱ्याला मऊ भात द्यावा की कोरडा खाखरा? पण पहिल्या वर्षात खाखऱ्यानेच मला सांभाळले.

ताट, आग्रह आणि आई

आपल्याकडे ताटात अन्न टाकत नाहीत. ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत लहानपणापासून अंगवळणी पडलेली. आता नवा नियम असा, की एक घास जास्त झाला तर उलटी होणार आणि जेवताना व नंतर अर्धा तास पाणी प्यायचे नाही. म्हणजे उरलेले टाकायचे नाही, संपवायचेही नाही आणि ताट धुऊन प्यायचेही नाही. पहिल्या महिन्यात मी उरलेले दोन घास नियमासाठी गिळले आणि दर खेपेस न्हाणीघराकडे धाव घेतली.

यातून वाट आईनेच काढली. एके दिवशी तिने माळ्यावरच्या डब्यातून माझ्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि लहान चमचा काढला. घासूनपुसून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘‘यातच घे. यात मावेल तेवढेच तुझे. उरायला नको आणि टाकायलाही नको.’’ आधी कमी वाढून घेणे हेच त्या नियमाचे मूळ आहे, हे तिला बरोबर उमगले होते. वाटी चमचाभर पाण्याने विसळून तेवढे ओठांना लावले की झाले. त्याआधी महिनाभर ती माझ्यासमोर बसून रडत असे. ज्या हाताने पन्नास वर्षे पोळीवर तूप वाढले, त्या हाताला काम उरले नाही, हे तिचे दुःख होते. त्या वाटीने तिला पुन्हा वाढण्याचे काम दिले. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी आपल्या सासूबाईंना दूर ठेवू नये; वाटी त्यांच्याच हाती द्यावी.

खाण्याची रीत थोडक्यात सांगतो. जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यावीत. घास लहान घ्यावा आणि त्याचे पाणी होईपर्यंत चावावा. उचकी लागली, नाक वाहू लागले किंवा छातीच्या मध्यभागी दाब जाणवला, की शरीर ‘पुरे’ म्हणत आहे असे समजून तेथेच थांबावे. पूर्वी ही सूचना पोहोचण्याआधीच मी तीन पोळ्या संपवीत असे.

घरच्या आग्रहापेक्षा पंगतीतला आग्रह कठीण. एका विवाहात यजमानांनी प्रेमाने मोतीचुराचा लाडू थेट तोंडात भरवला. नाही म्हणण्याचा धीर झाला नाही. पंधरा मिनिटांत छाती धडधडू लागली, घामाने सदरा भिजला, पोटात कळा आल्या आणि मला मंगल कार्यालयाच्या कार्यालयात झोपवावे लागले. साखर लहान पोटातून वेगाने आतड्यात उतरली की असे होते. बायपासनंतर हा त्रास अधिक दिसतो, पण माझ्यासारख्यांनाही होतो. ज्या यजमानांनी लाडू भरवला त्यांना मी दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आपल्याकडे मनुहार हे प्रेमाचे लक्षण आहे. पण ‘‘नको’’ म्हणणाऱ्याला एकदाच विचारावे, दुसऱ्यांदा विचारू नये, एवढा बदल आपण समाज म्हणून करू शकणार नाही काय?

चौविहार आणि अठ्ठम

आता त्या पत्रातील मुख्य प्रश्नाकडे येतो.

वयाच्या बाविसाव्या वर्षापासून माझा चौविहार होता. डॉक्टरांनी सांगितले, दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी पोटात गेलेच पाहिजे, तेही घोटाघोटाने. मी मान डोलावली. पण सूर्यास्तानंतर पाणी घेणार नाही, हे त्यांना सांगितले नाही. हिशेब पाहा. हिवाळ्यात सूर्योदय सातच्या सुमारास, नवकारशी पावणेआठला, सूर्यास्त सहाला. हाती उरतात दहा तास. पाच वेळा थोडे थोडे खायचे. प्रत्येक खेपेस आधीची पंधरा मिनिटे, खाण्याची पंचवीस आणि नंतरची तीस, अशी सत्तर मिनिटे पाण्याला बंद. पाच खेपांचे झाले जवळजवळ सहा तास. उरलेल्या चार तासांत दीड लिटर पाणी संपवायचे, तर दर दहा मिनिटांना सुमारे साठ मिलिलिटर, म्हणजे मोठे चार चमचे. हे जमू शकते. पण घड्याळ समोर ठेवूनच. मी पेढीवर गिऱ्हाइकांत रमलो की तास-तास पाणी विसरत असे. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झालेली, दिवस मोठे, म्हणून कसेबसे निभावले. बद्धकोष्ठ, डोकेदुखी, लघवी पिवळी. सगळे दिसत होते आणि मी दुर्लक्ष करीत होतो.

मग पर्युषण आले. शस्त्रक्रियेला चार महिने झाले होते. दरवर्षी तपस्व्यांच्या बहुमानात माझे नाव पुकारले जाई. यंदा नाव नसेल तर लोक काय म्हणतील, या एकाच विचाराने मी कोणालाही न विचारता अठ्ठमाचे पच्चक्खाण घेतले. सौ. नी हात जोडून नको म्हटले. मी त्यांच्यावर रागावलो. भूक तर लागतच नव्हती, मग उपवासाला अडचण कसली, असे मला वाटले. अडचण भुकेची नव्हतीच. आधीच पाणी कमी, त्यात आधीच्या आठवड्यातील उलट्या, आणि लहान पोटात उकळलेले पाणीही घोटाघोटानेच जाणार. दुसऱ्या संध्याकाळी पायांत मुंग्या येऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी प्रतिक्रमणात उभा असताना डोळ्यांपुढे अंधार झाला आणि मी खाली कोसळलो.

रुग्णालयात शिरेतून पाणी आणि त्यातून प्रथम बी-१ जीवनसत्त्व दिले. डॉक्टर म्हणाले, हे जीवनसत्त्व शरीरात फार साठून राहत नाही; उलट्या आणि उपाशीपणा चालू राहिला तर काही आठवड्यांतच ते संपते आणि नसांना, मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मी वेळेवर पोहोचलो, एवढेच. सौ. बाहेरच्या बाकावर बसून होत्या. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. तेच मला अधिक लागले.

बरे वाटल्यावर मी प्रायश्चित्त मागण्यासाठी महासतीजींकडे गेलो. मला वाटले होते, पच्चक्खाण मोडल्याबद्दल त्या बोलतील. त्यांनी वेगळेच विचारले : ‘‘श्रावकजी, अठ्ठम कोणासाठी केलात?’’ मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी समजावले, की पच्चक्खाणाच्या पाठात आगार आहेत, म्हणजे व्रत घेतानाच ठेवलेल्या सवलती आहेत. त्यांत आजारात समाधी टिकावी म्हणूनही सवलत आहे. आपण व्यापारी लोक करारातील प्रत्येक अट वाचतो आणि रोज म्हणतो त्या पाठातील अट मात्र वाचत नाही. त्यांनी मला चौविहाराऐवजी तिविहार करण्यास सांगितले : रात्री अन्न नाही, पाण्याची मोकळीक. तेवढ्याने माझ्या पाण्याचे गणित सुटले. दीड वर्षानंतर, तपासण्या ठीक आल्यावर आणि डॉक्टरांना विचारून, मी पुन्हा चौविहार सुरू केला. आता तांब्या आणि घड्याळ दोन्ही गल्ल्याशेजारी असतात.

त्यांचे आणखी एक सांगणे मी या भगिनींच्या यजमानांपर्यंत पोहोचवू इच्छितो. बाह्य तप सहा प्रकारचे सांगितले आहे; अनशन हा त्यांतील केवळ पहिला प्रकार. दुसरा ऊणोदरी. आगमांत पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा मानला आहे आणि आठ घास घेणाऱ्याला अल्पाहारी म्हटले आहे. मी चटकन म्हणालो, ‘‘मग माझी तर रोजच ऊणोदरी होते.’’ त्या हसून म्हणाल्या, ‘‘पोटात जागा नाही म्हणून थांबणे हे तप नव्हे. जागा असताना थांबाल तेव्हा तप.’’ त्या वेळी हे वाक्य मला कठोर वाटले. ते किती खरे होते, हे पुढच्या वर्षी कळले.

बाजार काय म्हणाला

त्याआधी पेढीची गोष्ट. सहा महिन्यांत ३० किलो वजन उतरले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागले. वजन झपाट्याने उतरताना असे होते आणि पुढे केस परत येतात, पण पाहणाऱ्याला ते कोठे ठाऊक? गाल बसले, सदरे लोंबू लागले. ‘हर्निया’वर कोणाचा विश्वास बसेना. बाजारात कुजबुज सुरू झाली की शेठजींना मोठा आजार झाला आहे. एक दिवस वीस वर्षांच्या व्यवहारातील एका आडत्याने ठरल्या मुदतीआधी रकमेची आठवण केली. मनुष्य सज्जन, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. बाजारात उधारी माणसाच्या चेहऱ्यावर चालते आणि माझा चेहरा तोट्यातला दिसत होता.

त्या संध्याकाळी मी त्यांना घरी बोलावले आणि सारे खरे सांगितले. मधुमेहाच्या गोळ्या तीनवरून एकीवर आल्याचा कागदही दाखवला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, ‘‘माझ्या धाकट्या भावाचे वजन १३० आहे. त्याला तुमच्याकडे पाठवू का?’’ लपविण्याने माझी पत घटली होती; सांगितल्याने ती परत आली.

औषधांचा रोजमेळ

या शस्त्रक्रियेनंतर काही औषधे जन्मभर घ्यावी लागतात : मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि गरजेनुसार लोह. शाकाहारी लोकांत बी-१२ मुळातच कमी असते. शस्त्रक्रियेनंतर ते आणखी घटते. म्हणून ही औषधे ‘बरे वाटते’ म्हणून बंद करू नयेत आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ततपासणी चुकवू नये. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी घेऊ नयेत. दोहोंत दोन तासांचे अंतर असावे.

आपल्या दृष्टीने दोन सूचना. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. औषधविक्रेत्याला विचारल्यास वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल, साधी गोळी किंवा चघळण्याची गोळी मिळते. ड-३ जीवनसत्त्व सहसा मेंढीच्या लोकरीतील चरबीपासून बनवतात. त्याचा वनस्पतिजन्य पर्यायही बाजारात आहे. बी-१२ जिवाणूंच्या आंबवण्यातून तयार होते. निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरूंना आणि डॉक्टरांना विचारून घ्यावा. परंतु शंका आली म्हणून गुपचूप औषध टाकून देऊ नये. मी दोन महिने तसे केले होते आणि रक्ततपासणीने ते उघडे पाडले.

दुसरी दिवाळी

आता महासतीजींच्या वाक्याकडे. पहिल्या वर्षी पोट स्वतःच थांबवत असे. दुसऱ्या वर्षी भूक थोडी परतली आणि पोट थोडे सैलावले. दिवाळीत पेढीवर नेहमीप्रमाणे फरसाणाचे डबे आणि मिठाईचे खोके आले. प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर चहा. शेव, चिवडा, बिस्किटे हे पदार्थ चहाबरोबर विरघळून नळीतून सहज सरकतात. पोट भरल्याची सूचनाच मिळत नाही. डाळीची एक वाटी मला थांबवी. शेवेचे अर्धे ताट थांबवीत नसे. होळीपर्यंत पाच किलो वजन परतले.

ही वाट फार जणांना फसवते. पोट लहान असले तरी दिवसभराच्या चघळण्याने वजन परत येऊ शकते. तेव्हा मी प्रथमच, जागा असताना थांबायला शिकलो. पेढीवरचा फरसाणाचा डबा बंद केला. चहा दिवसातून दोन वेळा, बिनसाखरेचा आणि त्याबरोबर काही नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास चालणे. आता वजन ८७ किलोवर स्थिर आहे. गुरुवंदनेनंतर मी कोणाच्याही आधाराशिवाय उठतो.

भगिनींना उत्तर

ताई, आपण विचारले आहे की कोणाचे ऐकावे. यजमानांना माझा हा लेख वाचायला द्या. शस्त्रक्रियेला सहाच महिने होत आहेत; या पर्युषणात त्यांनी अठ्ठम करू नये, असे मी मोठ्या भावाच्या नात्याने सांगतो. पुढे कधी आणि किती उपवास करता येईल, हे त्यांची तपासणी करून डॉक्टरांनी ठरवावे. तोपर्यंत तपाची दारे बंद नाहीत. आठ दिवस मिठाईचा आणि तळलेल्याचा त्याग करावा. ताटातील पदार्थांची संख्या ठरवून घ्यावी. जेवताना मौन पाळावे. त्याने घासही नीट चावला जातो. सामायिक आणि स्वाध्याय वाढवावा. बहुमानात नाव पुकारले जाणार नाही. ते सोसणे हेही लहान तप नव्हे. मला विचाराल तर माझ्या साऱ्या अठ्ठाईंपेक्षा ते अवघड गेले.

तिविहाराबद्दल गुरूंना विचारा, पाण्याबद्दल डॉक्टरांना सांगा आणि दोघांपासूनही काही लपवू नका. उलट्या थांबत नसतील, चक्कर येत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सासूबाईंना वाटी द्या. आणि आपण स्वतः वेळेवर जेवा; अशा घरात पथ्य सांभाळणाऱ्याचेच जेवण राहून जाते, हे मला फार उशिरा दिसले.

आणि ज्यांना ज्यांना मी ‘हर्निया’ म्हणून सांगितले, त्या सर्वांना, तसेच घरात सर्वप्रथम आमच्या सौ. ना, मनःपूर्वक मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.